रेडिओ दीर्घिकांचे दृश्य रूप

काही दीर्घिका रेडिओलहरींच्या रूपात इतकी ऊर्जा बाहेर टाकतात, की ती त्यांच्यातील अब्जावधी ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाच्या बरोबरीला येते. ही ऊर्जा ताऱ्यांची नसते. दीर्घिकेच्या गाभ्यातील महाकाय कृष्णविवराजवळून दोन विरुद्ध दिशांना झोत निघतात. त्यांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि त्यातून सिंक्रोट्रॉन प्रारण बाहेर पडते. झोत दीर्घिकेबाहेर लाखो प्रकाशवर्षे जाऊन तिथल्या विरळ वायूवर आदळतात आणि दोन बाजूंना रेडिओ लोब फुगतात. रेडिओ दुर्बिणीच्या चित्रात डोळ्यांत भरतात ते हे लोब. दीर्घिका स्वतः दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. रेडिओ चित्रात पुष्कळदा तिचा मागमूसही नसतो. असलाच तर गाभ्याचा एक ठिपका असतो.

तरीही या स्रोतांविषयी जे भरवशाचे ज्ञान आज हाती आहे, त्याचा मोठा भाग त्या मधल्या दीर्घिकेच्या दृश्यप्रकाशातून आला आहे. सिंक्रोट्रॉन प्रारणाच्या वर्णपटात रेषा नसतात. वारंवारता वाढेल तशी तीव्रता संथपणे उतरत जाते, एवढेच. त्या उतारावरून स्रोत किती दूर आहे हे कळत नाही, आणि अंतर कळले नाही तर खरी शक्ती, आकारमान आणि वय यांपैकी काहीच ठरत नाही. अंतर ठरते ते दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूला किती सरकल्या आहेत, म्हणजे तिची ताम्रसृती किती आहे, यावरून. कृष्णविवराला इंधन कोठून मिळते, दीर्घिकेची अलीकडे दुसरीशी टक्कर झाली आहे का, तिच्यात नवे तारे जन्मत आहेत का, हेही ताऱ्यांचे रंग, धुळीचे पट्टे आणि आयनीभूत वायूच्या रेषा यांतूनच वाचावे लागते.

महाराष्ट्रात या विषयाची दोन्ही अंगे जवळजवळ उभी आहेत. नाशिक जिल्ह्यातील वणीहून नाशिकमार्गे पुण्याला जाताना सिन्नर, संगमनेर, आळेफाटा ओलांडले की नारायणगाव लागते. तिथून पूर्वेला खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आहे. त्यांपैकी १४ अँटेना मध्यवर्ती भागात दाटीने आहेत आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. पश्चिमेला आंबेगाव भागातील गिरवलीच्या डोंगरमाथ्यावर पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण आहे. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेने वीस-बावीस किलोमीटरचेच अंतर असेल. एक लोब पाहते, दुसरी दीर्घिका पाहते. या दोन प्रकारच्या निरीक्षणांची सांगड घातल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल पुढे पडत नाही.

ही सांगड प्रथम घातली गेली ती १९४९ मध्ये. ऑस्ट्रेलियातील जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅन्ली आणि ब्रूस स्ली यांनी तीन तेजस्वी रेडिओ स्रोतांच्या जागा बऱ्यापैकी अचूक मोजल्या. त्यांतला एक खेकडा तेजोमेघ निघाला, तो आपल्याच आकाशगंगेतला. उरलेले दोन, कन्या राशीतील व्हर्गो-ए आणि नरतुरंग तारकासमूहातील सेंटॉरस-ए, अनुक्रमे एम ८७ आणि एनजीसी ५१२८ या दीर्घिकांवर पडत होते. दीर्घिकांकडून इतके प्रबळ रेडिओ प्रारण येऊ शकेल यावर तेव्हा सहजी विश्वास बसत नव्हता.

विश्वास बसवला तो सिग्नस-ए या स्रोताने. आकाशातील सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी हा एक. केंब्रिजच्या ग्रॅहॅम स्मिथ यांनी १९५१ मध्ये त्याची जागा काटेकोरपणे मोजली. त्या जागेवर वॉल्टर बाडे यांनी पालोमारची २०० इंची दुर्बीण रोखली, तेव्हा दीर्घिकांच्या एका समूहात मधोमध एक विचित्र, दुभंगल्यासारखी दिसणारी अंधूक दीर्घिका सापडली. रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी तिचा वर्णपट घेतला. सामान्य लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या वर्णपटात ताऱ्यांच्या वातावरणामुळे पडणाऱ्या गडद शोषणरेषा दिसतात. इथे उलट प्रखर उत्सर्जनरेषांची रांग होती. ऑक्सिजन आणि नायट्रोजन तर होतेच, शिवाय चार इलेक्ट्रॉन गमावलेले निऑनही होते. निऑनला त्या अवस्थेत नेण्याइतके तीव्र प्रारण साध्या तप्त ताऱ्यांकडे नसते, त्यामुळे या वायूला तापवणारे दुसरेच काही असले पाहिजे, हे तिथेच दिसत होते. रेषांच्या सरकण्यावरून दीर्घिका सेकंदाला सुमारे १७ हजार किलोमीटर वेगाने दूर जाते असे निघाले, म्हणजे ताम्रसृती ०.०५६ आणि आजच्या हिशेबाने अंतर सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे. १९५४ मध्ये बाडे आणि मिंकोव्स्की यांनी हे प्रसिद्ध केले. रेडिओ आकाशात अग्रस्थानी असलेला स्रोत दृश्य आकाशात मोठ्या दुर्बिणीलाही जेमतेम दिसतो, याचा अर्थ त्याहून कितीतरी दूरचे, प्रकाशात न दिसणारे स्रोतही रेडिओत पकडता येतील. पुढच्या अर्धशतकाच्या विश्वरचनाशास्त्राला या एका नोंदीने दिशा दिली.

दुभंगलेल्या रूपावरून बाडे यांनी दोन दीर्घिकांची टक्कर चालू आहे असा अर्थ लावला होता. तो टिकला नाही. दुभंग बराचसा मध्ये आलेल्या धुळीच्या पट्ट्यामुळे दिसतो आणि ऊर्जा टकरीतून येत नाही, कृष्णविवराकडून येते. मात्र टक्कर या कल्पनेत तथ्याचा अंश होता. तो नंतर वेगळ्या वाटेने परत आला.

वणीच्या आकाशातून हे नामांकित स्रोत कसे दिसतात हे पाहणे उद्बोधक आहे. वणीचे अक्षांश सुमारे २०.३ अंश उत्तर. त्यामुळे एम ८७ एप्रिल-मेच्या रात्री जवळजवळ डोक्यावरून, खमध्याच्या दक्षिणेला आठेक अंशांवरून जाते. तिची प्रत ८.६ असल्याने काळोख्या रात्री छोट्या दुर्बिणीतूनही ती धूसर ठिपक्यासारखी सापडते. त्याच रात्रींत सेंटॉरस-ए दक्षिण क्षितिजापासून सुमारे २७ अंश वर येते. युरोपातल्या बहुतेक वेधशाळांना ती दिसतच नाही. वणीहून दक्षिण बाजू मोकळी मिळाली तर ती साध्या द्विनेत्रीच्या टप्प्यात आहे. डोळ्याला दिसतो तो धूसर गोळा चंद्रबिंबाहूनही लहान असतो, पण तिचे रेडिओ लोब आकाशात सुमारे ८ अंश पसरलेले आहेत, म्हणजे पूर्णचंद्राची सोळा बिंबे ओळीने लावावीत एवढे. सिग्नस-ए सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तशृंगगडाच्या बाजूला, उत्तरेकडे, सुमारे ७० अंश उंचीवरून जाते. मात्र तिचा प्रकाश हौशी निरीक्षकाच्या छोट्या दुर्बिणीच्या आवाक्यात येत नाही.

या दीर्घिका असतात कोणत्या जातीच्या? या प्रश्नाचे पहिले नेटके उत्तर १९६४ मध्ये मॅथ्यूज, मॉर्गन आणि श्मिट यांनी दिले. ओळख पटलेल्या प्रबळ रेडिओ स्रोतांच्या दीर्घिका त्यांनी एकत्र तपासल्या. त्यांत सर्पिल दीर्घिका जवळपास नव्हत्याच. बहुतेक लंबवर्तुळाकार होत्या, आणि त्यांतही अनेक दीर्घिका समूहाच्या मध्यभागी बसलेल्या, भोवती विस्तीर्ण फिकट प्रभामंडल असलेल्या राक्षसी दीर्घिका होत्या. मॉर्गन यांनी अशा दीर्घिकांसाठी सीडी हा वर्ग ठरवला होता आणि तो आजही चालतो. नंतरच्या निरीक्षणांनी हा निष्कर्ष पक्का केला. अधिक प्रकाशमान, अधिक वस्तुमानाची दीर्घिका असेल तर तिच्यात रेडिओ स्रोत असण्याची शक्यता झपाट्याने वाढते. फिलिप बेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्लोन आकाशसर्वेक्षणातील दोन हजारांहून अधिक रेडिओ दीर्घिकांवरून दाखवले, की रेडिओ-सक्रिय दीर्घिकांचे प्रमाण ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या साधारण अडीचाव्या घाताने वाढते. सर्वांत जड गटात ते ३० टक्क्यांच्या वर जाते. २०१९ मध्ये नेदरलँड्सस्थित लोफार दुर्बिणीच्या अधिक संवेदनशील सर्वेक्षणात सर्वांत जड दीर्घिका जवळपास सगळ्याच कमीअधिक रेडिओ-सक्रिय आढळल्या. म्हणजे त्यांच्यात झोत सोडणारे यंत्र पूर्ण बंद असे फारसे होत नाही.

हे का व्हावे, याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. दीर्घिकेचा गोलाकार भाग जितका जड, तितके तिच्या गाभ्यातील कृष्णविवर जड. एम ८७ मधील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या ६५० कोटी पट आहे, आणि १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झालेली कृष्णविवराची पहिली छायाप्रतिमा त्याचीच होती. दुसरी गोष्ट, अशा दीर्घिकांभोवती क्ष-किरण सोडणाऱ्या तप्त वायूचा प्रचंड साठा असतो. तो थंडावत आत झिरपतो आणि कृष्णविवराला चाऱ्याची टंचाई पडत नाही. त्याच वायूचा दाब झोताला थोपवतो आणि लोबांना टिकवून धरतो. लोब फुगून तो वायू परत तापवतात, त्यामुळे त्यातून नवे तारे बनणे रोखले जाते. जड लंबवर्तुळाकार दीर्घिका इतक्या तांबूस आणि ताऱ्यांच्या नव्या पिढीपासून वंचित का, याचे बरेचसे श्रेय आज या चक्राला दिले जाते. ययाति समूहातील एनजीसी १२७५ भोवती लाल हायड्रोजन रेषेत चमकणाऱ्या तंतूंचे जे जाळे दिसते, ते या थंडावण्याचे आणि तापण्याचे प्रत्यक्ष चित्र आहे.

नियमाला अपवाद असतात आणि या विषयातले अपवाद नियमाइतकेच शिकवतात. सर्पिल दीर्घिकेतून मोठे रेडिओ लोब निघाल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत. त्यांतल्या दोन महत्त्वाच्या शोधांत भारतीय संशोधक पुढे होते. २०११ मध्ये आनंद होता आणि सहकाऱ्यांनी स्पेका या दीर्घिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. हिची ताम्रसृती ०.१३८ आहे. ही चकतीची दीर्घिका असूनही तिच्या दोन्ही बाजूंना लोब आहेत, आणि जीएमआरटीच्या निरीक्षणांतून ते एकापेक्षा अधिक वेळा उफाळून आल्याचे, म्हणजे यंत्र थांबून पुन्हा सुरू झाल्याचे दिसते.

दुसरे उदाहरण याहून थक्क करणारे आहे. २०१४ मध्ये आयुकाचे जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी जे २३४५-०४४९ या सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या सर्पिल दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या गाभ्यातून निघालेल्या रेडिओ रचनेची एकूण लांबी १६ लाख पार्सेक, म्हणजे ५० लाख प्रकाशवर्षांहून अधिक आहे. आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका यांच्यातील अंतराच्या ती दुप्पट भरते. या दीर्घिकेच्या दृश्य निरीक्षणांत गिरवलीच्या दुर्बिणीचा वाटा होता. वर्णपटलेखकाची चीर चकतीच्या लांबीवर ठेवली की एका टोकाच्या वायूची रेषा निळ्या बाजूला आणि दुसऱ्या टोकाची तांबड्या बाजूला सरकते. दोन्हींतल्या फरकावरून चकतीच्या फिरण्याचा वेग निघतो. इथे तो, चकतीच्या कलण्याचा हिशेब धरून, सेकंदाला सुमारे ४३० किलोमीटर आला. आपल्या आकाशगंगेत तो २२० ते २४० च्या आसपास आहे. इतक्या वेगाने फिरणारी चकती विखरून जाऊ नये यासाठी तिच्यात आणि तिच्या भोवतीच्या अदृश्य द्रव्यात प्रचंड वस्तुमान असले पाहिजे. आणि तरीही छायाचित्रात सर्पिल बाहू शाबूत आहेत, मोठ्या टकरीच्या खुणा नाहीत, मध्यभागी लंबवर्तुळाकार फुगवटा म्हणावा असाही नाही. झोत निर्माण करायला लंबवर्तुळाकार दीर्घिका किंवा दोन दीर्घिकांचे विलीनीकरण अनिवार्य नाही, हे या एका दीर्घिकेने दाखवले. वस्तुमान मात्र इथेही प्रचंडच आहे. नियमाचा गाभा आकारात नाही, वजनात आहे, असा याचा अर्थ लावणे योग्य वाटते.

लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हटली की गुळगुळीत, वायुरहित, वृद्ध ताऱ्यांचा गोळा डोळ्यांपुढे येतो. प्रबळ रेडिओ दीर्घिका जवळून पाहिल्या की हे चित्र बऱ्याच ठिकाणी उसवते. सेंटॉरस-ए हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्या गोलसर प्रकाशावर आडवा जाडजूड काळा पट्टा आहे. तो वायू आणि धूळ यांचा वेडावाकडा मुरडलेला थर आहे. वायूने समृद्ध अशी एखादी लहान दीर्घिका तिने गिळली, त्याचा तो अवशेष. १९७९ मध्ये कोटान्यी आणि एकर्स यांनी दाखवले, की धुळीचे पट्टे बहुधा रेडिओ झोतांच्या दिशेला काटकोनात असतात. आत उतरणारा वायू ज्या प्रतलात फिरतो त्याच्या अक्षावर झोत निघतात, ही कल्पना यातून बळकट झाली. हबल दुर्बिणीने नव्वदच्या दशकात केंब्रिजच्या तिसऱ्या यादीतील (३सी) दीर्घिका पाहिल्या, तेव्हा त्यांपैकी साधारण एकतृतीयांश दीर्घिकांत धूळ आढळली.

लंबवर्तुळाकार आणि तत्सम दीर्घिकांतील धुळीवर महाराष्ट्रातही चिकाटीने काम झाले आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील माधव पाटील, रायपूरचे एस. के. पांडे, डी. के. साहू आणि आयुकाचे अजित केंभावी यांनी २००७ मध्ये अशा दीर्घिकांतील धुळीच्या गुणधर्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत समजायला सोपी आहे. दीर्घिकेची निरनिराळ्या रंगगाळण्यांतून चित्रे घेतात. मग धूळ नसती तर प्रकाश कसा पसरला असता, याचे लंबवर्तुळांचे गुळगुळीत प्रारूप बसवतात आणि प्रत्यक्ष चित्राला त्या प्रारूपाने भागतात. उरतो तो धुळीचा नकाशा. निळ्या रंगात किती प्रकाश गिळला गेला आणि तांबड्यात किती, यावरून कणांच्या आकाराचा अंदाज येतो आणि धुळीचे एकूण वस्तुमानही निघते. वृद्ध ताऱ्यांनी वाऱ्यात सोडलेल्या धुळीपेक्षा ते जास्त भरले, तर ती बाहेरून आली असे मानण्याला आधार मिळतो.

टकरीची कल्पना परत आली ती याच वाटेने. टिमथी हेकमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रबळ रेडिओ दीर्घिकांची खोल छायाचित्रे घेतली, तेव्हा बऱ्याच दीर्घिकांभोवती ताऱ्यांच्या फिकट शेपट्या, पंखे, पूल आणि कवचे दिसली. दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्यावर किंवा एकजीव झाल्यावर गुरुत्वाकर्षणाने ओढलेल्या ताऱ्यांच्या या खुणा आहेत. अशा दीर्घिका सामान्य लंबवर्तुळाकारांपेक्षा काहीशा निळ्याही निघाल्या. २०११ मध्ये क्रिस्टिना रामोस आल्मेडा आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आकाशातील प्रबळ स्रोतांच्या एका नमुन्यात अशा खुणांचे प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत मोजले. सावधगिरी एवढीच हवी, की पुरेशी खोल प्रतिमा घेतली तर शांत लंबवर्तुळाकारांतही जुन्या विलीनीकरणाच्या खुणा मिळतात. त्यामुळे तुलनेसाठी त्याच वस्तुमानाच्या, त्याच खोलीने पाहिलेल्या, रेडिओ-शांत दीर्घिका घेतल्याशिवाय अशा टक्केवारीला वजन येत नाही.

आता वर्णपट. प्रबळ रेडिओ दीर्घिकांत खरी फारकत इथे दिसते. १९७९ मध्ये हाइन आणि लाँगेअर यांनी नोंदवले, की काहींच्या वर्णपटात प्रखर उत्सर्जनरेषा असतात आणि काहींच्या वर्णपटात त्या नाममात्र असतात. पहिल्या गटात दोनदा आयनीभूत ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरवरची हिरवट रेषा झळकत असते. दुसऱ्या गटाचा वर्णपट कुठल्याही वृद्ध लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा म्हणून खपून जाईल. सुरुवातीला हा केवळ मात्रेचा फरक वाटला. आता तो जातीचा फरक मानला जातो. प्रखर रेषांच्या दीर्घिकांत कृष्णविवराभोवती थंड वायूची चकती तापून उजळते आणि तिचे अतिनील प्रारण सभोवतालचा वायू आयनीभूत करते. मंद रेषांच्या दीर्घिकांत अशी उजळ चकती जवळपास नसतेच. तप्त वायू सावकाश आत पडतो आणि त्याची ऊर्जा प्रकाशाच्या रूपात न जाता बहुतांशी झोतांच्या गतीत जाते. बेस्ट आणि हेकमन यांनी २०१२ मध्ये मोठ्या नमुन्यावर दाखवले, की मंद रेषांच्या दीर्घिका अधिक जड आणि तांबूस असतात, तर प्रखर रेषांच्या तुलनेने हलक्या, निळसर असतात. सारख्याच शक्तीच्या दोन रेडिओ दीर्घिकांना पूर्ण वेगळ्या वाटांनी इंधन मिळत असू शकते, हे फक्त लोब पाहून कधीच कळले नसते.

प्रखर रेषांच्या गटातही काहींच्या हायड्रोजन रेषा सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाच्या फरकाने रुंदावलेल्या असतात, काहींच्या अरुंद असतात. रुंद रेषा कृष्णविवराच्या अगदी निकट फिरणाऱ्या वायूच्या आहेत. अरुंद रेषांच्या दीर्घिकांत तो वायू नाही असे नाही. धुळीचे जाड कडे आडवे आल्याने तो दिसत नाही. १९८९ मध्ये पीटर बार्थेल यांनी याचा मोठा अर्थ पुढे मांडला: झोत साधारण आपल्याकडे वळलेले असतील तर कड्याच्या तोंडातून आतला झगझगाट दिसतो आणि त्याला क्वासार म्हणतात. झोत आडवे असतील तर तोच स्रोत अरुंद रेषांची रेडिओ दीर्घिका म्हणून नोंदला जातो. पुरावा ध्रुवित प्रकाशातून मिळाला. लपलेल्या गाभ्याचा प्रकाश कड्याच्या तोंडातून वर जातो, धुळीवर किंवा इलेक्ट्रॉनांवर विखुरतो आणि विखुरताना ध्रुवित होतो. फक्त ध्रुवित प्रकाशाचा वर्णपट घेतला की लपलेला क्वासार डोकावतो. १९९७ मध्ये पॅट्रिक ओगल आणि सहकाऱ्यांनी हवाईच्या केक दुर्बिणीने सिग्नस-ए कडून असाच रुंद हायड्रोजन रेषेचा ध्रुवित प्रकाश मिळवला. बाडे यांना दोन दीर्घिकांची टक्कर वाटलेल्या त्या धुळीमागे एक क्वासार दडलेला होता.

क्वासार आणि रेडिओ दीर्घिका यांच्या या एकीकरणाच्या दुसऱ्या टोकाला ३सी २७३ हा क्वासार आहे. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या रेषा ओळखून ०.१५८ ताम्रसृती काढली आणि क्वासारांचे युग सुरू झाले. अशा रेडिओ-प्रबळ क्वासारांचा झगझगाट वजा करून हबलने भोवतीच्या दीर्घिका पाहिल्या, तेव्हा बहुतेक जड लंबवर्तुळाकारच निघाल्या, म्हणजे रेडिओ दीर्घिकांच्या जातीच्याच. या सगळ्या विषयाचा पाया नीट समजून घ्यायचा तर जयंत नारळीकर आणि अजित केंभावी यांचा क्वासार आणि सक्रिय दीर्घिकांवरील १९९९ चा इंग्रजी ग्रंथ आजही उपयोगी पडतो.

रेडिओ रचना आणि दृश्य तेज यांचेही नाते आहे. १९७४ मध्ये फॅनारॉफ आणि रायली यांनी रेडिओ दीर्घिकांचे दोन वर्ग केले: मध्याजवळ उजळ आणि टोकांकडे मावळणाऱ्या त्या पहिल्या वर्गाच्या, टोकांना तप्त ठिपके असलेल्या त्या दुसऱ्या. ओवेन आणि लेडलो यांनी नव्वदच्या दशकात दाखवले, की दोन वर्गांमधली शक्तीची सीमा ठरावीक नाही. दीर्घिका जितकी प्रकाशमान, तितकी ती सीमा वर सरकते. जड दीर्घिकेतील दाट वायू झोताला लवकर मंदावतो, असे याचे एक स्पष्टीकरण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे (एनसीआरए) गोपाळकृष्ण आणि पॉल विटा यांनी २००० मध्ये एका बाजूला पहिल्या वर्गाचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या वर्गाचा लोब असलेल्या संकरित दीर्घिकांकडे लक्ष वेधले. एकाच यंत्राला दोन बाजूंना दोन रूपे मिळत असतील, तर भोवतालचा वायू निर्णायक आहे हे मान्य करावे लागते. लोफारच्या अलीकडच्या सर्वेक्षणांत मंद शक्तीच्याही दुसऱ्या वर्गाच्या दीर्घिका सापडल्याने ती सीमारेषा पूर्वीइतकी धारदार राहिलेली नाही.

झोत स्वतः दृश्यप्रकाशात दिसणे दुर्मीळ. एम ८७ चा झोत हीबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच, रेडिओ खगोलशास्त्र जन्मण्यापूर्वी, सरळ किरणासारखा नोंदवला होता. १९५६ मध्ये बाडे यांनी त्याचा प्रकाश ध्रुवित असल्याचे मोजले आणि तोही सिंक्रोट्रॉनच असल्याचे सिद्ध झाले.

दूरच्या विश्वात चित्र पुन्हा बदलते. ताम्रसृती १ असेल तर पृथ्वीवर ६०० नॅनोमीटरला टिपलेला प्रकाश मूळचा ३०० नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील असतो. १९८७ मध्ये चेंबर्स, मायली, व्हॅन ब्रॉयगेल यांनी आणि स्वतंत्रपणे मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ०.६ च्या पुढच्या ताम्रसृतीला रेडिओ दीर्घिकांचा प्रकाश गोल न राहता रेडिओ झोतांच्याच दिशेने लांबलेला असतो. जवळच्या रेडिओ दीर्घिकांत असे दिसत नाही. कारणे किमान तीन आहेत. काहींमध्ये लपलेल्या क्वासारचा विखुरलेला प्रकाश, काहींमध्ये तापलेल्या वायूची स्वतःची चमक, तर काहींमध्ये झोताने दाबलेल्या वायूत जन्मलेले नवे तारे. ३.८ ताम्रसृतीच्या ४सी ४१.१७ मध्ये १९९७ साली तरुण ताऱ्यांच्या शोषणरेषा मिळाल्या आणि प्रकाश ध्रुवित नव्हता, म्हणून तिथे तिसरे कारण ठरले. एकाच सूत्रात सगळ्या दीर्घिका बसवण्याचा मोह इथे टाळलेला बरा.

अतिनील प्रकाश असा फसवतो, तर अवरक्त प्रकाश वृद्ध ताऱ्यांचा खरा हिशेब देतो. लिली आणि लाँगेअर यांनी १९८४ मध्ये २.२ मायक्रोमीटरवरची प्रत आणि ताम्रसृती यांचा आलेख काढला, तेव्हा बिंदू आश्चर्य वाटावे इतक्या अरुंद पट्ट्यात पडले. प्रत्येक काळातील प्रबळ रेडिओ दीर्घिका त्या त्या काळातील सर्वांत जड दीर्घिकांपैकी असतात, असा त्याचा अर्थ.

दूरच्या रेडिओ दीर्घिका शोधायच्या तर आधी त्यांची जागा अचूक हवी. उटीची ५३० मीटर लांब रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९७० मध्ये सुरू झाली. चंद्रबिंब एखाद्या स्रोतासमोरून सरकताना त्याचे प्रारण नेमके कधी नाहीसे होते आणि कधी परत येते, हे मोजून तिने शेकडो अंधूक स्रोतांच्या जागा आणि आकार काढले. पुढे विजय कपाही, रमणा अथ्रेय, सी. आर. सुब्रह्मण्य यांनी मॅकार्थी आणि व्हॅन ब्रॉयगेल यांच्यासह ऑस्ट्रेलियातील मोलाँग्लो यादीतील साडेपाचशेच्या आसपास स्रोत निवडले आणि प्रत्येकाची रेडिओ रचना, दृश्य दीर्घिका आणि ताम्रसृती यांचा मागोवा घेतला. १९९६ ते १९९८ या काळात प्रसिद्ध झालेला हा नमुना दक्षिण आकाशातील रेडिओ दीर्घिकांच्या अभ्यासाचा आजही आधार आहे.

दूरच्या स्रोतांच्या वर्णपटाचा उतार अधिक तीव्र असतो, म्हणून ते कमी वारंवारतेला अधिक उजळ दिसतात, हा अनुभवाचा नियम जीएमआरटीच्या सोयीचा ठरला. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्‌झला सुमारे ९० टक्के आकाश पाहिले, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ६ लाखांहून अधिक स्रोत नोंदले गेले. त्यांतून तीव्र उताराचा, लहानसा, दृश्य चित्रात काहीच नसलेला असा एक स्रोत निवडून आयुष सक्सेना आणि सहकाऱ्यांनी जेमिनी दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. ८१७ नॅनोमीटरच्या आसपास एकच रेषा मिळाली. ती हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची लायमन-आल्फा मानली तर ताम्रसृती ५.७२ येते, आणि २०१८ मध्ये तीच जाहीर झाली. एकाच रेषेवरून काढलेल्या ताम्रसृतीला नेहमी दुसऱ्या रेषेची साक्ष लागते. रेषेची ओळख बदलली तर अंतरही बदलते. अशा दीर्घिकांचे तारे पाहायला अवरक्त दुर्बिणींशिवाय इलाज नाही.

आज अडचण स्रोतांच्या तुटवड्याची नाही, ओळख पटवण्याची आहे. १५० मेगाहर्ट्‌झच्या त्या सर्वेक्षणात एका स्रोताचा ठसा २५ विकला रुंद आहे, आणि खोल प्रतिमेत तेवढ्या जागेत अनेक अंधूक दीर्घिका मावतात. दोन लोबांच्या बरोबर मध्यावर असलेली दीर्घिका प्रत्येक वेळी खरी असतेच असे नाही. झोत वाकलेले असतात, एक लोब मंद असतो, कधी दोन लोब दोन वेगळ्या दीर्घिकांचे निघतात. सुधारित जीएमआरटीची ४०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासची चित्रे सुमारे ५ विकलांपर्यंत तीक्ष्ण असल्याने गाभ्याचा ठिपका सापडण्याची शक्यता वाढली आहे. आनंद होता यांच्या रॅड ॲट होम या उपक्रमात देशभरातील विद्यार्थी जीएमआरटीचे लोब आणि दृश्य छायाचित्रे एकावर एक ठेवून नेमकी कोणती दीर्घिका झोत सोडते आहे हे तपासतात. संगणकाला असे निवाडे शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत, तरी वाकड्या आणि तुटक लोबांच्या बाबतीत शेवटचा निर्णय अजून त्या मधल्या दीर्घिकेचा वर्णपट घेऊनच होतो.